साळवे मॅडमची अर्धी साक्ष

अन्याय झाला तो उज्ज्वला साळवे यांच्यावर. कधी, तेही सांगते. गेल्या वर्षी, गणपती बसायच्या आदल्या दिवशी, सकाळी पावणेअकराला. आमच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राचार्यांच्या केबिनबाहेर शिपायाच्या स्टुलावर त्यांना बसवून ठेवलं. आत प्राचार्य फोनवर मोदकांची ऑर्डर देत होते. ऑर्डर संपली आणि शिपायाच्याच हातून कागद बाहेर आला: आपली सेवा संपुष्टात आणण्यात येत आहे. ऑटोमोबाईल विभागाच्या प्रमुख होत्या त्या. कुणी आत बोलावलं नाही, कुणी बाहेर आलं नाही.

ह्याच्याआधी त्यांच्यावर आणखी एक अन्याय झाला होता, आणि तो मोठा होता. त्या जे खरं बोलल्या ते संस्थेनं मधोमध कापलं, अर्धं फेकून दिलं आणि उरलेल्या अर्ध्यानं एका ड्रायव्हरचा गळा आवळला. नोकरी गेल्याचं दुःख मॅडमना होतं की नाही मला ठाऊक नाही. ह्या दुसऱ्याचं होतं.

मी पत्रकं लिहिते. विद्यार्थी संघटनेत आल्यापासून तेच काम. पत्रकात मागणी मावते, माणूस मावत नाही. मॅडम तर मुळीच मावणाऱ्या नव्हत्या. म्हणून हे लांबलचक.

वर्गात आम्ही मुली थोड्याच. बाकी सगळी पोरं, त्यातली अर्धी 'गाड्यांची आवड आहे' म्हणून आलेली, म्हणजे सायलेन्सर काढून फिरणारी. मॅडम पहिल्या दिवशी आल्या तेव्हा वाटलं, वर्कशॉपमधून कुणी काही मागायला आलंय. निळा ॲप्रन, त्याच्या खिशात भाजलेले शेंगदाणे, केस इंजिनाच्या काळ्या रबरी रिंगनं बांधलेले. "रबरबँड तुटतो, ही तुटत नाय," एवढंच त्याचं स्पष्टीकरण. शिकवता शिकवता शेंगदाणा तोंडात टाकायच्या आणि टरफल खिशातच परत. शहरात, उस्मानपुऱ्यात आईसोबत दोन खोल्यांत राहायच्या. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर होते. ते गेले आणि मागं डिझेलवर चालणारी एक जुनी मोटारसायकल ठेवून गेले. मॅडम तिच्यावरच कॉलेजला यायच्या. ती लांबूनच ऐकू यायची, धप् धप् धप्. पोरांनी तिचं नाव 'पिठाची गिरणी' ठेवलं होतं.

'ताकद' हा शब्द मॅडमच्या वर्गात चालत नव्हता. कुणी म्हणालं, "मॅडम, ह्या इंजिनात ताकद जास्त आहे," की त्या डोळे बारीक करायच्या.

"कुठली? दम का धाव?"

टॉर्कला त्या दम म्हणायच्या, पॉवरला धाव. "दम म्हणजे इंजिन दांड्याला किती जोरानं पिळतं ते. धाव म्हणजे तो पीळ किती झपाझप देतं ते. लहान इंजिन लई गरगर फिरवलं की कागदावर धाव मोठी दिसती. पण चढाला वाचता येत नाय, बाबा."

एक पोरगा होता, मोठ्या घरचा, नवी कोरी पेट्रोलची स्पोर्ट्स बाईक घेऊन यायचा. त्यानं एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, लावायची का शर्यत? गिरणी आणि आपली?"

"लाव की. पण जागा मी ठरवणार."

आमचं कॉलेज सिल्लोड रोडला आत, टेकडीवर आहे. गेटपासून इमारतीपर्यंत खडा, अरुंद चढ. त्या चढावर गावातल्या म्हशी येतात. मॅडमनी अट घातली: मागच्या सीटवर ज्वारीचं पोतं बांधायचं आणि म्हशीच्या मागून, म्हशीच्याच चालीनं वर जायचं. हाफ क्लच मारायचा नाही. पोराची गाडी दोनदा धक्के खाऊन बंद पडली. मॅडमची गिरणी म्हशीच्या शेपटीमागं धप् धप् करत निवांत वर गेली. वर पोचल्यावर पोरं ओरडायला लागली तर मॅडम त्यांच्यावरच खेकसल्या.

"ओरडता काय? बायपासला लावली तर हाच जिंकंल. मी मागं धूळ खात राहीन. धाव त्याची आहे, दम माझा आहे. त्याचं इंजिन भरभर फिरायला बांधलंय, आखूड हाताचं, म्हंजे पिस्टनची ये-जा थोडी. माझं लांब हाताचं. हळू फिरतं, पण प्रत्येक फेऱ्यात जोर लावतं. डिझेल हवेला इतकं दाबतं की ठिणगी लागतच नाय, हवाच तापून पेट घेती. एवढा दाब सोसायचा तर अंग जड लागतं. आन् जड अंगाला पळता येत नाय. कळलं? कोण भारी ते इचारू नका. काय काम आहे ते इचारा."

अशी बाई. प्रेमळ वगैरे अजिबात नाही. माझ्या पहिल्या परीक्षेच्या पेपरावर त्यांनी लिहिलं होतं, 'भाषण उत्तम, उत्तर चूक.' चूक माणसाची आहे की यंत्राची हे पाहिल्याशिवाय त्या कुणाची बाजू घ्यायच्या नाहीत. पाहिल्यावर मात्र सोडायच्या नाहीत. लोकांना ह्यातलं एकही आवडत नाही.

आता गाडीकडे येते.

सिल्लोड, फुलंब्रीकडच्या मुलींसाठी कॉलेजची एक जुनी डिझेल गाडी होती. काळा धूर सोडायची, खिडक्या खडखडायच्या, पण भरगच्च भरून दुसऱ्या गिअरमध्ये टेकडी चढायची. ती चालवायचे सिल्लोडचे रफिकभाई. कानावर मफलर, उन्हाळ्यातही. संस्थेच्या संस्थापक अध्यक्षांना, ज्यांना सगळे 'दादा' म्हणतात, एक दिवस पर्यावरणाचा पुळका आला. तपासणी समिती यायची होती. डिझेलची गाडी गेली, पांढरीशुभ्र व्हॅन आली. इंजिन मुळात पेट्रोलचं, लहान, त्यालाच सीएनजी जोडलेला. अंगावर हिरव्या अक्षरांत 'हरित परिसर, संपूर्ण सीएनजी'.

पूजेला सगळ्यांना खाली गेटजवळच्या मैदानात उभं केलं. चाकाखाली लिंबं, बॉनेटवर नारळ, हार. दादांनी माईक घेतला. "जुन्या गाडीपेक्षा हिची हॉर्सपॉवर जास्त आहे. म्हणजे प्रदूषण कमी आणि ताकद जास्त!" टाळ्या. प्राचार्यसाहेब डॉक्टरेट आहेत. त्यांनी सगळ्यात जोरात वाजवल्या.

मॅडमचा आवाज मागून आला. "किती आरपीएमला?"

दादांनी माईकवरूनच विचारलं, "काय म्हणता, मॅडम?"

"ती हॉर्सपॉवर किती आरपीएमला मिळती? अन् चढावर हळू जाताना दम किती?"

"मॅडम, आज शुभ दिवस आहे."

"चढाला माहितीय का ते?"

पोरं फिसकन् हसली. दादाही हसले. तोंड हसलं, डोळे नाही. मग ते एकटेच पुढच्या सीटवर बसले आणि व्हॅन भुर्रकन टेकडी चढली. पुन्हा टाळ्या. मॅडम शेंगदाणे खात म्हणाल्या, "रिकामी गाडी कुणाचीबी चढती."

दुसऱ्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला त्या आम्हाला गेटवर घेऊन गेल्या. "चला, वजन व्हा." म्हणजे सगळ्यांनी गाडीत बसायचं, मुली रोज जितक्या बसतात तितक्या. रफिकभाई स्टेअरिंगवर, मॅडम बाहेर, गाडीबरोबर चालत. चढाच्या मध्यावर त्यांनी हात वर केला. "थांबवा. आता पुन्हा उचला."

इंजिन किंचाळलं. गाडी हातभर मागं आली, थरथरली, मग कशीबशी निघाली. सगळ्या गाडीत जळका वास.

"क्लच," मॅडम म्हणाल्या. "जळतोय. रफिक, रोज असंच?"

"हौ मॅडम. इसमें दम नई है. भरी गाडी चढाव पे रोती. पेट्रोल पे डालो तो जरा सांस लेती."

ते खरं होतं. मॅडमनी तिथंच उभ्याउभ्या सांगितलं. गॅस इंजिनात शिरताना हवेची जागा खातो. हवा कमी, तर जोर कमी. पेट्रोलवर टाकलं की तेच इंजिन थोडं बरं ओढतं. म्हणून शहाणे ड्रायव्हर चढाला पेट्रोलवर घेतात, सपाटीला गॅसवर. एका पोरानं लगेच शेरा मारला, "म्हणजे सीएनजी बोगस!" मॅडम त्याच्यावर तुटून पडल्या. "गॅसला कशाला शिव्या देतो? गॅससाठीच बांधलेलं मोठं इंजिन असतं, ते बस ओढतं, ट्रक ओढतं. धूर कमी, चांगली गोष्ट आहे. हे इंजिन लहान, बांधलंय पेट्रोलसाठी, पाजलाय गॅस, वर ही भरती, वर हा चढ. जुळणी चुकलीय. जुळणी करणाऱ्याला शिव्या द्या."

त्यांनी प्राचार्यांना जाऊन सांगितलं: एकतर गाडीतली भरती निम्मी करा, नाहीतर चढाला पेट्रोल वापरू द्या. प्राचार्य म्हणाले, बघतो. बघितलं ते असं. कुणीतरी दादांच्या कानात घातलं की 'संपूर्ण सीएनजी' लिहिलेल्या गाडीत पेट्रोल भरलं जातंय, समितीला कळलं तर शोभा होईल. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाची किल्ली रफिकभाईंकडून काढून घेतली आणि ऑफिसात खिळ्याला टांगली. सकाळी गाडी चालू होण्यापुरतं पेट्रोल टाकीत, बस्स. टेकडी गॅसवर.

रफिकभाईंनी मग दुसरा मार्ग काढला. मुलींना गेटवर उतरवायचं, रिकामी गाडी वर न्यायची, मुलींनी चालत यायचं. कुणाची तक्रार नव्हती. पण एका सकाळी दादा पाहुणे घेऊन आले आणि त्यांना दिसलं, नव्या कोऱ्या गाडीच्या मागं मुली दप्तरं घेऊन चढ चढतायत.

"काय रे, वरात आहे का ही?" दादा काच खाली करून ओरडले. "गाडी कशाला घेतली मग? पोरींना चालवायला?"

"साब, चढाव पे..."

"मला चढ शिकवू नको. पुन्हा एकबी पोरगी चालताना दिसली तर तू घरी चालत जायचं. सिल्लोडपर्यंत."

पाहुणे हसले. रफिकभाई 'हौ साब' म्हणाले. त्या दिवसापासून मुली गाडीतूनच वर जायला लागल्या. हे गेटवर उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकलं. मी पण ऐकलं. 'सगळ्यांनी' हा शब्द लक्षात ठेवा.

जुलैत पाऊस लागला. एका सकाळी भरलेली गाडी चढाच्या मध्यावर असताना वरून हॉस्टेलचा पाण्याचा टँकर उतरत आला. दोन गाड्या मावत नाहीत तिथं. रफिकभाईंनी कडेला घेऊन थांबवली. टँकर गेला. त्यांनी गाडी उचलायला घेतली. महिनाभर रोज जळत आलेला क्लच, ओला रस्ता, गॅसवर धापा टाकणारं इंजिन. ते बंद पडलं. ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, तरी भरलेली गाडी ओल्या उतारावर मागं घसरत गेली आणि तिरपी होऊन कडेच्या नाल्यात पडली. दाराशी कोमल बसलेली. दुसऱ्या वर्षाची, आमच्याच विभागाची, सिल्लोडजवळच्या एका गावातली. तिचा उजवा हात दार आणि नाल्याचा दगड ह्यांच्यामध्ये सापडला. आजही तिची मूठ वळत नाही. पाना धरता येत नाही. ऑटोमोबाईलच्या मुलीला पाना धरता येत नाही, म्हणजे काय ते तुम्ही समजा.

मॅडम वर्कशॉपमधून धावत खाली आल्या, कोमलला त्यांनीच बाहेर काढलं. नंतर नाल्याच्या कडेला बसलेल्या रफिकभाईंसमोर उभ्या राहिल्या. रफिकभाई मफलरमध्ये तोंड घालून रडत होते. मॅडम म्हणाल्या, "पोरींना का नाय उतरवलं?" बाकी काही नाही. ना सांत्वन, ना शिवी. तेवढा एकच प्रश्न.

आम्ही संघटनेत बसून पत्रक काढलं. मथळा मीच दिला होता: 'सीएनजी गाडी नव्हे, मृत्यूचा सापळा'. एक प्रत मॅडमकडे नेली, वाटलं शाबासकी मिळेल. त्यांनी ॲप्रनच्या खिशातून लाल पेन काढलं आणि मथळ्यावरच काट मारली.

"खोटं आहे."

"मॅडम, आपण एकाच बाजूला आहोत."

"म्हणूनच सांगते. उद्या ते दुसरी सीएनजी गाडी आणतील, रिकामी चढवून दाखवतील, अन् म्हणतील हे बघा, ही पोरं खोटारडी. तू त्यांच्या हातात दगड देतेस, पोरी. जे झालं ते लिही. भरलेला चढ, झाकणाला कुलूप, दादांचा हुकूम. हे तीन लिही."

ते पत्रक आम्ही रद्द केलं. मला तेव्हा राग आला होता. अजूनही थोडा आहे.

मग संस्थेची चौकशी समिती. अध्यक्ष दादाच. सदस्य प्राचार्य. तज्ज्ञ म्हणून साळवे मॅडम, आणि विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून कोपऱ्यात मी, शोभेला. पहिल्यापासून दिशा एकच: गाडी नवी, कागदपत्रं बरोबर, म्हणजे चूक ड्रायव्हरची. मॅडमनी फक्त सही करायची.

प्राचार्य गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमचं मत. चालकाकडून चूक झाली का?"

आता ऐका, त्या काय म्हणाल्या. मी तिथंच होते, माझ्या कानांनी ऐकलंय. त्या म्हणाल्या:

"झाली. चढावर थांबावं लागलं तर आधी पोरींना उतरवायचं, ते रफिकनी केलं नाही. का केलं नाही? तर तुम्ही त्यांना उतरवायला बंदी केली होती. पेट्रोलवर का घेतलं नाही? तर किल्ली ऑफिसात होती. त्या इंजिनाला ती भरती घेऊन तो चढ गॅसवर चढवायला लावणं ही मूळ चूक आहे, आणि ती ह्या टेबलाच्या ह्या बाजूला झालीय."

दादांनी चष्मा काढला.

"मॅडम, तुम्ही मास्तरीण आहात का युनियनच्या पुढारी?"

"इंजिनं शिकवते."

"मग इंजिनाचं बोला ना. हुकुमाचं कशाला बोलता?"

"हुकूम झाला तेव्हा इंजिनाला कुणी इचारलं नाय, म्हणून मला बोलावं लागतं."

"तुम्हाला ह्या खुर्चीवर आम्ही बसवलं. ध्यानात असू द्या."

ह्या 'आम्ही'मध्ये काय काय होतं, ते मराठवाड्यात कुणाला उकलून सांगायला नको. दादांच्या घराण्याची जमीन, दादांची टेकडी, दादांची संस्था; आणि समोर वर्कशॉपातल्या हेल्परची मुलगी, जिच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर. मी उठून म्हणाले, "दादा, हे शब्द मागे घ्या." प्राचार्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बसवलं कुणीबी, शिकवलं मी." सही न करता त्या उठल्या.

अहवाल आला. त्यात एक ओळ होती: 'विभागप्रमुख सौ. साळवे यांनीही चालकाकडून चूक झाल्याचे स्पष्टपणे मान्य केले आहे.' पूर्णविराम. पुढचं सगळं गायब. किल्ली गायब, बंदी गायब, टेबलाची ही बाजू गायब. आणि 'सौ.'सुद्धा खोटं, त्यांचं लग्न झालेलं नाही. तेवढंही त्यांनी विचारलं नव्हतं.

तो अहवाल पोलिसांकडे गेला. रफिकभाईंवर निष्काळजीपणाचा गुन्हा. परवाना जमा. नोकरी तर अपघाताच्या दिवशीच गेली होती. सिल्लोडमध्ये सगळीकडे एकच बोलणं: ज्या मॅडमवर रफिकचा विश्वास होता, तिनेच त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. कुणी हे खोटं म्हणावं? छापून आलंय.

मॅडमनी प्राचार्यांना सांगितलं, माझं बोलणं पूर्ण छापा, नाहीतर मी पोलिसांकडे जाऊन पूर्ण सांगते. त्या गेल्याही. जबाब लिहून घेणाऱ्यानं विचारलं, "चूक झाली म्हणालात ना? मग झालं." आणि मग गणपती बसायचा आदला दिवस आला, तो मी सुरुवातीलाच सांगितला.

मला विचारलं तर मॅडमनी चौकशीत पहिला शब्द उच्चारायला नको होता. 'झाली.' तो गिळायला हवा होता. मी त्यांना तोंडावर म्हणाले, "मॅडम, तुम्ही 'झाली' म्हणालात तिथंच हरलात. समोर कोण बसलंय ते बघून बोलायचं असतं."

त्या म्हणाल्या, "मग माझ्यात अन् त्यांच्यात फरक काय राहिला?"

पण मला अजून वाटतं की मी बरोबर होते. खोटारड्यांच्या टेबलावर खरं पूर्ण ठेवणाऱ्याचं असंच होतं, तोडून तोडून खातात. ह्याची चीड त्यांना नव्हती. मला आहे. मी ती सोडणार नाही.

नोकरी गेल्यावर दोनेक महिन्यांनी त्यांचा फोन आला. "सिल्लोडला येतेस का? रफिकला भेटायचंय." मी गिरणीवर मागं बसले. रफिकभाईंची गल्ली बाजाराच्या मागं, चढावरच आहे. ते आता मक्याच्या एका आडतीवर पोती उचलतात, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. "पण आज घरीच है," असंही सांगितलं.

दार त्यांच्या बायकोनं, जुबेदाभाभींनी उघडलं. अर्धंच.

"वो घर पे नई हैं."

उंबऱ्याशी चपला होत्या. मॅडमनी त्या पाहिल्या. भाभींनी मॅडमना पाहताना पाहिलं.

"बसते मी इथं," मॅडम म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. आतून कुणीतरी खोकलं. मॅडम दाराकडे न बघता, जरा मोठ्यानं बोलू लागल्या, आत ऐकू जाईल असं. "रफिक, मी चूक झाली म्हटलं. ते खरं आहे, मी ते परत घेणार नाही. पण मी पुढंपण बोलले होते. किल्लीचं बोलले, बंदीचं बोलले. ही पोरगी होती तिथं, हिला इचारा."

मी म्हणाले, "हौ भाई, मैं थी वहाँ."

भाभींनी पाण्याचे दोन पेले आणून ठेवले. घरी आलेल्याला पाणी नाकारायचं नाही, म्हणून. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, आप सच्चे होंगे. पर कागज पे तो आपका नाम है ना. बच्चों का बाप रात को सोता नई. आप जाओ अब."

मॅडम सगळं पाणी प्यायल्या. पेला पालथा घातला. उठल्या.

गल्लीच्या तोंडाशी कापसानं शिगोशीग भरलेला एक टेम्पो चढावर थांबला होता. समोर हातगाडी आडवी. टेम्पोवाला हॉर्न मारत होता, गाडी उचलायच्या बेतात. मॅडम माझ्याशी काही बोलत होत्या, ते अर्ध्यात सोडून त्या टेम्पोच्या मागं गेल्या. गटाराच्या कडेचा एक मोठा धोंडा दोन्ही हातांनी उचलला, ओणव्या होऊन मागच्या चाकाला लावला आणि ड्रायव्हरला हात केला: आता उचल. त्याला ह्या कोण, काही माहिती नाही. टेम्पो काळा धूर सोडत, सावकाश, एकदाही मागं न येता वर गेला. धोंडा जागच्या जागी राहिला. मॅडमनी तो पायानं परत कडेला सरकवला, हात ॲप्रनला पुसायला गेल्या आणि लक्षात आलं, आज ॲप्रन नाही. साडीला पुसले.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. आईला घेऊन पुण्याकडे गेल्या, कुठल्याशा कारखान्यात लागल्या, एवढं कळलं. माझे फोन उचलत नाहीत.

खटला उभा राहतोय. रफिकभाईंच्या बाजूनं एक मी आहे, आणि माझ्याबद्दल समोरचा वकील म्हणेल, ही तर पत्रकं वाटणारी. बरोबरच आहे. म्हणून आता तुम्ही. तुम्ही त्या गाडीतून कधी टेकडी चढला असाल, तुमची मुलगी चढली असेल, तिनं घरी येऊन कधी जळक्या वासाची तक्रार केली असेल, तर ते सांगायची वेळ आता आहे. तुम्ही त्या ऑफिसात काम करत असाल तर तुमच्या डोक्यावरच्या खिळ्याला काय टांगलं होतं ते तुम्हाला माहिती आहे. त्या सकाळी गेटवर उभे असाल तर दादा काय ओरडले ते तुम्ही ऐकलंय. घाबरताय, ते मला समजतं. मॅडमना एकटं सोडलं तेव्हाही सगळे घाबरलेलेच होते. तुमचा ह्या कॉलेजशी संबंध नसेल तर शेजारच्या ज्या पोरीचा आहे तिच्या आईबापाच्या दारात जा आणि त्यांना घेऊन या. रफिकभाईंच्या वकिलाकडे नाव द्या, तारखेला रजा टाका, कोर्टात उभे राहा आणि जे पाहिलं ते शपथेवर सगळंच्या सगळं सांगा.